एकसष्ट काठ्या

रेणूला मोजायची सवय होती. अनिका झोपेत मिनिटाला किती श्वास घेते, जिन्याला पायऱ्या किती, मागच्या दारापासून सोसायटीच्या पोहण्याच्या तलावापर्यंत पावलं किती. एकशे बारा. तलावाला जाळी होती, जाळीच्या दाराला कडी होती आणि कडी अडीच वर्षांच्या मुलीचा हात पोचणार नाही इतकी उंच होती. तरी महिन्यातून एकदा ती जाऊन कडी हलवून बघायची.

"तुला एचओएने पगार चालू करायला पाहिजे," तिचा नवरा सुशांत म्हणायचा.

पगार घ्यायची तिला परवानगी नव्हती. ती सुशांतच्या व्हिसावर आली होती. कऱ्हाडला सिव्हिल इंजिनिअरिंग केलेलं, चार वर्षं धरणाच्या कालव्यांवर काम केलेलं, ते सगळं आता कपाटातल्या हिरव्या फायलीत होतं. त्याच फायलीत लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर बरोबर असल्याचं आणखी एक प्रमाणपत्र. व्हिसाच्या वकिलाने कधीही काहीही मागितलं, तरी रेणू दोन मिनिटांत काढून द्यायची. आपण या देशात एक कुटुंब आहोत हे कागदावर सिद्ध करता यायला हवं, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी तिच्या फोनवर मागच्या दाराचा कॅमेरा वाजला. चार माणसं घरांच्या मागून चालली होती. तीन पुरुष आणि एक बाई, चौघंही साठीच्या पुढची. एकाच्या हातात लांब दांड्याचा वाकडा कोयता होता. तलावाला वळसा घालून ती झाडीत शिरली आणि तीन तासांनी त्याच वाटेने परत गेली.

रेणूने एचओएला, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या असोसिएशनला, मेल केली. विषय: मुलांची सुरक्षितता. अनोळखी माणसं, हत्यार, तलावाच्या जवळून ये-जा, सगळं मुद्देसूद लिहिलं. ती चौघंही काळी होती, हे तिने लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती, फोटो जोडले होते.

स्प्रिंग हॉलो ही कॅरी शहराच्या पश्चिमेची टाउनहाउसांची वस्ती. अर्ध्याहून जास्त घरं आपल्याच लोकांची, सगळे सकाळी रिसर्च ट्रँगलमधल्या कंपन्यांकडे ड्राइव्ह करणारे. आयांच्या ग्रुपवर रेणूच्या मेलला त्रेचाळीस अंगठे मिळाले. जुलैत एचओएने ठराव केला: मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फुटी कुंपण, एकच दार, त्याला नंबरचं कुलूप. असोसिएशनचा अध्यक्ष कुमारदादा मूळचा नागपूरचा. तो तिला गाडी पार्क करताना भेटला.

"काय वहिनी, केलं न तुमचं काम. आता झोपा बाप्पा निवांत."

त्या रात्री तिला खरंच चांगली झोप लागली.

ऑगस्ट अर्धा झाला तशी मागच्या गवतात नारिंगी झेंड्यांची रांग उभी राहिली. अनिकाला बाबागाडीत घालून रेणू तिथून चालली होती, तर एका झेंड्यापाशी एक बाई छत्री उघडून उभी होती. ऐंशीच्या घरातली, ताठ, पायात पांढरे बूट. रेणूने तिला लगेच ओळखलं. कॅमेऱ्यातली बाई.

"गुड मॉर्निंग," बाई म्हणाली. "इथे काय होणार आहे, तुला माहीत आहे का?"

"कुंपण."

"अस्सं. कोणापासून?"

रेणूच्या तोंडात "मुलांसाठी" हे उत्तर तयार होतं. पण प्रश्न तो नव्हता. ती बाबागाडीचा पट्टा नीट करत राहिली.

"मी वर्ना अपचर्च," बाई म्हणाली. "पोस्टात एकतीस वर्षं काढली. सगळे मिस वर्ना म्हणतात. ये, तुला दाखवते. मुलीलाही आण, तिथे सावली आहे."

अनोळखी माणसाबरोबर झाडीत जायचं नाही, हा रेणूचाच नियम. तरी ती गेली. शंभरेक पावलांवर ओहोळ होता आणि ओहोळाच्या वरच्या अंगाला स्वच्छ कापलेलं गवत. गवतात दगड उभे होते, काही कोरलेले, बरेचसे रानातून उचलून रोवलेले. काहींच्या पायाशी शिंपले मांडले होते. दगड नव्हते तिथे जमीन माणसाच्या लांबीची खचलेली होती, सगळे खड्डे एकाच दिशेने. रेणू मनात मोजायला लागली आणि चाळीसनंतर तिने सोडून दिलं.

म्हणजे तो कोयता या गवतासाठी होता.

"हे आल्फ्रेड आणि डायसी," मिस वर्ना एका जोडदगडापाशी थांबली. "माझे खापरपणजोबा आणि खापरपणजी. गुलामांचं लग्न कायद्याला माहीतच नव्हतं. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे, मुलं विकायला मोकळी. सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी, अठराशे सहासष्टला, सरकारने सांगितलं, जे नवरा-बायको म्हणून राहत आलेत त्यांनी कचेरीत येऊन नोंद करा. हे दोघं पायी गेले. कारकुनाने विचारलं, कधीपासून? आल्फ्रेडने सांगितलं, पंचवीस वर्षं. ते रजिस्टर अजून आहे. मी बघितलंय."

रेणूला हिरवी फाईल आठवली. लग्नाला सहा वर्षं झालेली, दाखल्याच्या सहा प्रती.

"मग त्यांनी इथे जमिनीचे दोन तुकडे घेतले. वरच्या अंगाला चर्च आणि शाळा, खाली झऱ्यापाशी ही जागा. मधली जमीन जुन्या मालकाचीच होती. पण खरेदीखतात त्यांनी रस्ता लिहून घेतला. चर्चपासून इथपर्यंत, बारा फूट रुंद, कायमचा. आम्ही दर ऑगस्टच्या चौथ्या रविवारी त्या रस्त्याने चालत येतो. होमकमिंग म्हणतो. शिकागोहून येतात, अटलांटाहून येतात. एक वर्ष चुकलेलं नाही." रविवारी सकाळी रेणू आणि सुशांत मंदिरात असायचे, म्हणून तिने हे कधी बघितलं नव्हतं.

मिस वर्ना खाली वाकली. अनिकाने उचललेला शिंपला तिने परत न घेता जागेवर कसा ठेवायचा ते दाखवलं.

"मताचा हक्क त्यांना मिळाला होता, अठराशे अडुसष्टला. रांग करून गेले होते. नंतर एकोणीसशे साली तो काढून घेतला, परत मिळवायला मी विशीत येईपर्यंत वेळ लागला. शाळा एकदा जाळली, परत बांधली. जे जे मिळवलं ते कधी ना कधी कोणी हिसकावलंच. हा रस्ता तेवढा कधीच सुटला नाही. आठ वर्षांपूर्वी तुमची घरं झाली तेव्हा बिल्डरने जमीन सपाट केली. म्हणाला, तलावाच्या बाजूने जात जा. आम्ही गेलो. तीच चूक झाली."

"चूक का?"

"आता तुमची असोसिएशन म्हणते, तुम्ही आमच्या मेहेरबानीने येत होता. मेहेरबानी संपली."

घरी येऊन रेणूने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरली. खिचडी लागली.

"तू का एवढं डोक्यात घेतेयस?" सुशांत म्हणाला. "तू मेल केलीस, निर्णय बोर्डाचा. आणि ऐक, आपण व्हिसावर आहोत. इथल्या भांडणात आपलं नाव कुठल्या कागदावर यायला नको."

"आलेलंच आहे," रेणू म्हणाली. "माझ्या मेलखाली माझंच नाव आहे."

चार दिवस तिने तसेच काढले. पाचव्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या, कारण रिकाम्या हाताने कोणाकडे जायची तिला सवय नव्हती, आणि अनिकाला घेऊन लिबर्टी स्प्रिंग चर्चच्या मागच्या दाराने आत गेली. मिस वर्ना लांब टेबलापाशी शेंगा सोलत होती. समोर डीकन ओटिस, चर्चचे कारभारी, सत्तरीचे, जाड चष्म्याचे. कॅमेऱ्यात दिसलेला कोयता त्यांच्याच हातात होता.

रेणूने डबा ठेवला आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "ती तक्रार मी केली होती. कुंपण माझ्यामुळे येतंय."

मिस वर्नाने एक शेंग सोलून संपवली. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"असोसिएशनच्या पत्राला तुझी मेल जोडलेली होती, हनी. फोटोंसकट. ओटिसचं म्हणणं, त्याचा फोटो चांगला आला नाही."

"जाडा दिसतोय मी," डीकन ओटिस म्हणाले.

"मग त्या दिवशी तुम्ही मला काहीच का नाही म्हणालात?"

"किती दिवस लावतेस ते बघत होते. ओटिसने महिना धरला होता." मिस वर्नाने शेंगांची परात रेणूकडे सरकवली. "बस. सोल. तुझ्या घाबरण्याचा राग नाही मला, तीन पोरं वाढवलीत मी. पण तू घाबरलीस आणि विचारलं नाहीस. माझ्या वयाच्या बाईला हाक मारून 'कुठे चाललात' एवढं विचारता येतं."

रेणूने परात जवळ ओढली. ती शेंगा सोलत राहिली.

मग डीकन ओटिसनी कागद काढले. असोसिएशनच्या वकिलाचं पत्र गोड होतं. त्यात लिहिलं होतं: जुन्या खतात रस्त्याचा हक्क असेलही, पण तो रस्ता जमिनीवर नेमका कुठून जातो हे दाखवता येत नसेल, तर आमचं कुंपण ठरल्याप्रमाणे शुक्रवारी सुरू होईल. गुरुवारी संध्याकाळी सभा, काही पुरावा असल्यास आणावा. आज होता मंगळवार. रविवारी होमकमिंग.

दुसरा कागद खताची प्रत. साल अठराशे एकोणसत्तर. खाली जमीन घेणाऱ्यांची आठ नावं, सात नावांपुढे फुली आणि एकापुढे सही, वाकडी, दाबून काढलेली. "आल्फ्रेड," मिस वर्ना म्हणाली. "बावन्नाव्या वर्षी शाळेत नातीशेजारी बसून शिकला. ही त्याची पहिली सरकारी सही."

पण रेणूचा डोळा वरच्या ओळीवर अडकला होता. चर्चच्या कोपऱ्यातल्या दगडापासून, उत्तर चाळीस अंश पूर्व, एकसष्ट पोल, तीन खाचांच्या दगडापर्यंत. तिथून ओहोळाच्या काठाने दफनभूमीपर्यंत.

"हा तीन खाचांचा दगड?"

"तोच नाही सापडत," डीकन ओटिस म्हणाले. "चर्चजवळचा आहे. तिथून फोनवर दिशा लावून मी दोनदा चालत गेलो. दोन्ही वेळा तुमच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी पोचलो. दगड बिल्डरने उचलून टाकला असणार."

"पोल म्हणजे साडेसोळा फूट ना?" रेणूने विचारलं. दोघांनी मान वर केली. "माझे वडील हेच काम करायचे. जमिनीची मोजणी."

परभणीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण हद्दीचा दगड हा शब्द ऐकला की ते अजूनही उठून बसायचे. तिने चर्चच्या पायरीवर बसून फोन लावला आणि खतातली ओळ वाचून दाखवली.

"पोल म्हणजे आपली काठीच की," बाबा म्हणाले. "साहेबाची जरा लांब. आणि हा तर सरळसरळ वहिवाटीचा रस्ता आहे. तो अडवायला बघतंय कोण?"

"मीच, बाबा."

नीट ऐकू यावं म्हणून बाबांनी परभणीतला पंखा बंद केला.

"बरं. मग सोडवायलाही तूच जाशील," ते म्हणाले. "दिशा कशाने लावली त्यांनी?"

"आजच्या होकायंत्राने."

"अगं, दीडशे वर्षांपूर्वीची उत्तर आजच्या सुईने शोधतायत? तुला कॉलेजात काय शिकवलं? सुईची उत्तर सरकते. त्या गावाला त्या साली सुई कुठे होती आणि आज कुठे आहे ते काढ आधी. आणि फरक कुठल्या बाजूला टाकायचा ते दोनदा तपास. तिथेच माणसं चुकतात."

रेणूला कान तापल्यासारखं झालं, शाळेत उत्तर येत असून हात वर केला नाही की व्हायचं तसं. संध्याकाळी तिने सरकारी संकेतस्थळावर जुने आकडे काढले. फरक आला आठ अंशांच्या जरा आत, उजवीकडे. एकसष्ट काठ्यांच्या टोकाला त्याचा अर्थ सव्वाशे-दीडशे फूट. डीकन ओटिस बिचारे प्रत्येक वेळी तेवढेच डावीकडे गेले होते.

बुधवारी सकाळी चर्चच्या दगडापाशी सहा माणसं जमली. रेणूने नायलॉनची दोरी साडेसोळा फुटांवर गाठी मारून आणली होती, दिशा बघायला तीन बांबू आणि घरातला लाल दुपट्टा फाडून केलेल्या झेंड्या. सातवा माणूस उशिरा आला. सुशांतने दोन मीटिंगा कॅन्सल केल्या होत्या.

"तू तर म्हणत होतास नाव नको."

"दोरीच्या टोकाला नाव नसतं," तो म्हणाला आणि टोक धरलं.

मिस वर्ना छत्रीखालून मोजत होती. दर काठीला एक शेंगदाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात. पहिल्या दहा काठ्या चर्चच्या आवारात गेल्या. मग रस्ता ओलांडून वस्ती लागली, आणि पुढे घरांच्या भिंती होत्या. पण रेषा भिंतीला लागलीच नाही. ती घरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट गवताच्या पट्ट्यात उतरली. पावसाचं पाणी वाहून जायला ठेवलेला पट्टा, सगळे त्याला नाला म्हणायचे. रेणू गेली दोन वर्षं तिथून बाबागाडी ढकलत होती. एवढ्या सरळ रेषेत, सारख्या रुंदीचं पाणी आपणहून वाहत नाही, हे कालव्यावर काम केलेल्या बाईला दिसायला हवं होतं. तिने दोरी ठेवून पट्टा आडवा मोजला. बारा फूट आणि थोडं.

"बिल्डरने इथे घरं का नाही बांधली?" डीकन ओटिसनी विचारलं.

"जागा सगळ्यात खोल होती म्हणून," रेणू म्हणाली. "आणि खोल कशाने झाली? गाड्यांनी. तुमच्या लोकांच्या पायांनी."

मिस वर्नाने पुढचा शेंगदाणा खिशात टाकला, जरा जोरात.

चाळीस. पन्नास. पट्टा संपला, मागचं मोकळं गवत लागलं. छप्पन्नला रेणूला आपलं घर दिसायला लागलं. साठला आपली कुंडी ओळखू आली. एकसष्टावी गाठ जमिनीला टेकली तेव्हा ती तिच्याच मागच्या अंगणाच्या कडेला उभी होती, आणि जेमतेम फूटभर अंतरावर, गवत संपून झाडी सुरू होते तिथे, जाड निळ्या फोममध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

तो फोम तिनेच लावला होता. मागच्या उन्हाळ्यात अनिका तिथे अडखळून पडली, कपाळाला टेंगूळ आलं, आणि रेणूने त्याच दुपारी पोहायला शिकताना धरतात तो फोमचा लांब दांडा आणून उभा चिरला, दगडाच्या तिन्ही कडांना बसवला आणि वरून चिकटपट्टी मारली. चार वेढे. खाली काय आहे हे बघायचं तिला सुचलंही नव्हतं. टोचतं एवढंच तिला पुरेसं होतं.

बाकीचे अजून झाडीत शोधत होते. सुशांतचं मात्र लक्ष होतं. त्याला फोम माहीत होता. तो तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "रेणू, हा असेल तर रस्ता आपल्या खिडकीखालून जातो. कायमचा."

"हो."

"घर विकताना सांगावं लागेल."

"हो, सुशांत."

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली लहान सुरी उघडली आणि तिच्या हातात दिली.

चिकटपट्टी सुटायला वेळ लागला. फोम बाजूला झाला तशा दगडावरच्या मुंग्या सैरावैरा धावल्या. रेणूने ओढणीने माती पुसली. वरच्या कडेला एका ओळीत, बोटाच्या पेराएवढ्या खोल, तीन खाचा.

"मिस वर्ना," तिने हाक मारली.

मिस वर्ना आली. छत्री मिटून डीकन ओटिसकडे दिली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसली आणि तीन खाचांमध्ये तीन बोटं ठेवली. मग तिने शेजारी पडलेल्या फोमकडे बघितलं.

"हे काय?"

"माझी मुलगी पडली होती. लागू नये म्हणून."

मिस वर्ना हसायला लागली. इतकी हसली की डीकन ओटिसना वाटलं तिला काहीतरी झालं. "ओटिस," ती म्हणाली, "तू दोनदा कचऱ्याचा डबा शोधलास. आणि या बाईने आपला दगड गुंडाळून जपून ठेवलाय."

गुरुवारी क्लबहाउसमध्ये खुर्च्या कमी पडल्या. वकील स्क्रीनवर होता. रेणूने नकाशा भिंतीला लावला आणि दोरी, आकडे, खाचांचे फोटो, खोलगट पट्ट्याची रुंदी, सगळं सांगितलं. भीती वाटत होतीच, पण सांगायचं इतकं होतं की ती मागे राहिली.

कुमारदादाने कपाळ चोळलं. "वहिनी, तक्रार तुमची, फोटो तुमचे, कुंपण तुम्ही मागितलं. आता तुम्हीच नाही म्हणता. आम्ही काय करावं बाप्पा, सांगा न."

"मी चुकले होते, असं सभेच्या मिनिट्समध्ये लिहा," रेणू म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं. "मी अनोळखी माणसं म्हणाले होते. अनोळखी मी होते. हे लोक इथे दीडशे वर्षं येतायत, मला तीन झाली. आणि पोरांचं म्हणाल तर तलावाची जाळी शाबूत आहे. मी दर महिन्याला कडी तपासते."

मागून कोणीतरी हसलं. त्रेचाळीस अंगठ्यांमधली एक आई उठून म्हणाली, "फोटो बघून मीही अंगठा दिला होता. माझाही मागे घ्या." मग आणखी दोघी उठल्या.

मिस वर्ना शेवटी उभी राहिली. तिने भाषण केलं नाही. खत वाचलं, आठही नावं वाचली, आणि 'त्यांना व त्यांच्या वारसांना, कायमचा' इथे थांबून चष्म्यावरून बोर्डाकडे बघितलं. "त्यातल्या सात जणांना हा कागद वाचता येत नव्हता," ती म्हणाली. "तरी त्यांनी तो बरोबर लिहून घेतला. तुम्हा सगळ्यांना वाचता येतं."

स्क्रीनवरचा वकील घसा साफ करून म्हणाला, परवानाधारक सर्व्हेअरने हा दगड तपासून दिला तर कुंपण घालणं म्हणजे हक्काला अडथळा ठरेल, आणि तसं करू नये असा त्याचा सल्ला आहे. बोर्डाचे पाचपैकी पाच हात वर गेले. कुमारदादाचा सगळ्यात आधी. "माझ्या आजोबांनी बांधाच्या वाटेसाठी एकवीस वर्षं तारखा केल्या," तो रेणूला नंतर म्हणाला. "मले पहिलेच सांगायचं न, की वहिवाट आहे म्हणून."

शुक्रवारी कुंपणवाल्यांच्या जागी सर्व्हेअर आला, यंत्र लावून रेषा तपासली आणि शिक्का मारून दिला. रेणूची मोजणी अकरा इंच चुकली होती. तिला ते दिवसभर लागून राहिलं. बाबा म्हणाले, "दोरीने मोजलंस ना? मग मी पास केलं असतं." एचओएने रस्ता आपल्या नकाशात काढून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरात नोंदवायचं कबूल केलं, आणि नारिंगी झेंडे संध्याकाळपर्यंत उपटले गेले. एक अनिकाने ठेवून घेतला.

चौथ्या रविवारी सकाळी आधी आवाज आला. टाळ्यांचा, मग गाण्याचा. मग नाल्याच्या पट्ट्यातून माणसं उतरायला लागली, बारा फुटांच्या रुंदीत मावतील तशी, पांढऱ्या कपड्यांत, टोप्या घातलेली, काठ्या टेकणारी, कडेवर पोरं घेतलेली. दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक बाहेर आले होते. शेजारच्या अहिल्याकाकूंनी पन्ह्याचं मोठं भांडं टेबलावर मांडलं होतं आणि प्रत्येकाला, हवं असो नसो, पेला देत होत्या. रेणू आपल्या अंगणात उभी राहून मोजत होती. एकशे सत्तेचाळीस.

दगडापाशी सगळे थांबले. इथे हजेरी होते, हे मिस वर्नाने तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या शाळेत व्हायची तशी. आठ वर्षांमागे दगड हरवला तेव्हापासून ती तलावाच्या जाळीपाशी, घाईघाईत उरकत होते.

मिस वर्नाने कागद न बघता पहिलं नाव घेतलं. "आल्फ्रेड अपचर्च."

"प्रेझेंट," तीस-चाळीस आवाज आले. त्यात तिचा स्वतःचा.

दुसरं नाव. शिकागोहून आलेल्या एका उंच मुलीने आणि तिच्या पाठच्या सगळ्यांनी हात वर केला. तिसरं, चौथं. एका नावाला एकच म्हातारा उत्तर द्यायला होता आणि त्याने ते दोनदा दिलं. शेवटचं नाव मोझेस. नुसतं मोझेस, त्याने मालकाचं आडनाव लावायला नकार दिला होता आणि त्याच्यामागे कोणी उरलं नव्हतं. मिस वर्नाने ते नाव घेतलं, आणि एकशे सत्तेचाळीस जणांनी एकदम "प्रेझेंट" म्हटलं. तो आवाज रेणूच्या खिडकीच्या काचेला जाणवला. झाडीतून पक्षी उठले.

रेणूने सवयीने खाली बघितलं. अनिका तिथे नव्हती.

हाक मारायच्या आतच ती दिसली. पुढे, दगडापाशी, एका हातात नारिंगी झेंडा आणि दुसऱ्या हातात मिस वर्नाचं बोट. रेणू पाऊल उचलणार होती. मग तिने ते उचललं नाही.

गर्दी ओहोळाकडे उतरायला लागली. डीकन ओटिस मात्र मागे राहिले. त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, गवतातला निळा फोम उचलला, खाचा दिसाव्यात म्हणून वरून वीतभर कापला आणि दगडाच्या कडांना परत बसवायला लागले.

"राहू द्या ना," रेणू म्हणाली. "आता सगळ्यांना माहीत झालाय दगड."

"मिस वर्नाचा हुकूम आहे," ते म्हणाले. "पोरं पुढच्या वर्षीही येणार. जरा धर बघू, चार वेढे मारायचेत."

रेणूने टोक धरलं.